सातारा-सांगली प्रांतांतील मधयंत्रें : जुनीं व नवीं

जुन्या दफ्तरांच्या शोधांत हिंडणारांस कागदांखेरीज इतर वस्तूही पुष्कळ भेटतात. परंतु त्यांची नोंद ठेवण्याची संवय आपणांस अद्याप लागलेली नाहीं. ताम्रपट, नाणें, तरवार हीं दिसलीं कीं आपण थांबतों. शेतकऱ्याच्या माळ्यावरील हत्यारापाशीं कोणी थांबत नाहीं. दोन पावसाळ्यांपूर्वीं जावळी खोऱ्यांतील एका घरीं रुमाल पाहण्यास गेलों असतां आम्हांस जो अनुभव आला, तोच प्रस्तुत लेखाचें निमित्त होय.

रुमाल माळ्यावर होते. ते खालीं काढतांना त्यांच्यामागें पत्र्याचें एक पिंप हातीं लागलें. उंची कमरेएवढी, आंत तारेच्या जाळीचा पिंजरा, वर आडवा दांडा, दात्यांचीं दोन चाकें, एक मूठ, आणि बुडाशीं तोटी. कोणी तें लोणी काढण्याचें यंत्र म्हणे, कोणी आणखी कांहीं. घरांतील वृद्ध गृहस्थांनीं मात्र तें तत्काळ ओळखिलें. त्यांच्या वडिलांनीं सातेरी माशांच्या पेट्या ठेविल्या होत्या व हें त्यांचें मधयंत्र. गृहस्थांचा नातू नुकताच मधमाशापालनाचें शिक्षण घेऊन आला होता व त्याच्याजवळ माशांनीं भरलेल्या दोन पेट्या होत्या. घरचेंच यंत्र सांपडल्यामुळें त्यास फार आनंद झाला. "काका, आतां नवें कशाला घ्यावयाचें?" असें त्यानें आम्हांस विचारिलें. जुन्या वस्तूंचा कैवार घेण्याची आमची जन्माची खोड. "कल्हई करून घे आणि खुशाल वापर," असें सांगून आम्ही मोकळे झालों.

हा सल्ला चुकीचा होता. एखाद्या पत्राचें वाचन चुकलें तर पुढील अंकीं शुद्धिपत्र देऊन भागतें. येथें प्रश्न माणसांच्या पोटांत जाणाऱ्या जिन्नसाचा होता. म्हणून घरीं परतल्यावर आम्हीं या विषयाचा जो शोध घेतला तो येथें मांडीत आहों.

मध कोणत्या भांड्यांत असावा याविषयीं आपले पूर्वज बेफिकीर नव्हते. पारस्कर गृह्यसूत्रांत मधुपर्क कांशाच्या पात्रांत घालून त्यावर कांशाचेंच झांकण ठेवण्याचा विधि आहे. उलटपक्षीं कांशांतील नारळपाणी व तांब्यांतील मध हीं मद्यासमान होत, अशा अर्थाचें एक स्मृतिवचन आह्निकविषयक ग्रंथांत येतें. ज्यांच्या संग्रहीं अशा पोथ्या असतील त्यांस तें नवीन नाहीं. आम्ही तें आजवर निव्वळ शुद्धाशुद्धीच्या सदरांत टाकीत असूं. परंतु मध हा आम्ल पदार्थ आहे. माशीच्या लाळेंतील पाचक द्रव्यामुळें साखरेचा अल्प अंश आम्लांत पालटतो, व रसायनशास्त्रज्ञ ज्यास सामू म्हणतात तो मधाचा सरासरी ३.९ भरतो. जिभेस गोड लागणारा हा जिन्नस धातूस आंबट ताकासारखा लागतो. तांबें, जस्त, लोखंड, शिसें हीं सर्व त्यांत थोडथोडीं उतरतात. तांब्याच्या भांड्यांत राहिलेला मध बिघडतो हें पाहूनच तें वचन निघालें असावें असा आमचा तर्क आहे. कांशांतही तांबें असतेंच व मधुपर्क पात्रांत फार वेळ रहात नाहीं, तेव्हां हा तर्क फार ताणूं नये हें आम्हीच सांगून ठेवितों.

वैद्यकग्रंथांकडे वळलें तर चरकांत मधाच्या चार जाति व सुश्रुतांत आठ जाति सांगितल्या आहेत. दोघेही मधास उष्णतेचा संपर्क वर्ज्य मानतात. कौटिल्याच्या कोष्ठागाराध्यक्ष-प्रकरणांत माशांचा मध व द्राक्षांचा रस हे दोन्ही 'मधु' या एकाच नांवाखालीं घातले आहेत. तासगांवच्या बागाइतदारांनीं ही गोष्ट ध्यानीं ठेवण्यासारखी आहे. मेणास संस्कृतांत मधूच्छिष्ट म्हणजे मधाचें उष्टें म्हणतात, आणि त्या उष्ट्याची किंमत मूर्तिकारांस मधापेक्षां कमी नव्हती. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या (राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८) मानसोल्लासांत मेणाचा सांचा करून धातूची मूर्ति ओतण्याची रीत दिली आहे.

मेणाची आठवण येथें मुद्दाम केली. पूर्वीं मध काढण्याची रीत म्हणजे पोळें कापून आणून पिळणें. आग्या माशीच्या पोळ्यास रात्रीं धूर व जाळ देत, माशा होरपळत किंवा उडून जात. सातेरीचें मोहोळ झाडाच्या ढोलींतून वा दरडीच्या कपारींतून हात घालून काढीत. पोळें पिळलें कीं मधाबरोबर अंडीं, अळ्या, पराग सर्वच फडक्यावर येई. असा मध लौकर आंबे. मेण वेगळें विकलें जाई हें खरें, पण माशांचें पोळें मात्र गेलें. पोळें बांधणें माशांस किती महाग पडतें हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. एक शेर मेण स्रवण्यास सुमारें सहा ते आठ शेर मध माशा खर्चतात असें आधुनिक शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे पोळें पिळणारा एका हातानें मध घेत असे व दुसऱ्या हातानें पुढील हंगाम मोडीत असे.

हें चक्र युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पालटलें. अमेरिकेंत लँगस्ट्रॉथ यांनीं सुटी चौकट असलेल्या पेटीचें पेटंट १८५२ सालीं घेतलें. माशा दोन पोळ्यांत ठराविक अंतर मोकळें सोडतात हें ओळखून त्यांनीं चौकटींत व पेटींत तेवढीच फट ठेविली. त्यामुळें पोळें न कापतां बाहेर काढितां येऊं लागलें. जर्मनींत मेरिंग यांनीं १८५७ सालीं मेणपत्रा तयार केला. राहिला प्रश्न पोळें न मोडतां त्यांतील मध काढण्याचा. तो ऑस्ट्रियाच्या सैन्यांतील मेजर ह्रुश्का यांनीं सोडविला. नोकरी सोडून ते व्हेनिसजवळ दोलो येथें रहात असत. १८६५ सालीं ब्रून येथील मधपाळांच्या परिषदेंत त्यांनीं आपलें यंत्र दाखविलें. पोळ्यावरील मेणाचीं टोपणें कापून चौकट पिंजऱ्यांत ठेवावयाची व पिंजरा फिरवावयाचा. मध बाहेर उडतो आणि पिंपाच्या भिंतीवरून खालीं उतरतो. रिकामें पोळें जसेंच्या तसें परत पेटींत जातें. ह्रुश्का यांच्या लहान मुलानें टोपलींत पोळें घालून ती गरगर फिरविली व त्यावरून बापास युक्ति सुचली अशी गोष्ट सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. चरकसुश्रुतांस मान्य होईल असें हें यंत्र आहे, कारण त्यांत मधास आंच लावावी लागत नाहीं.

आपल्याकडे याचा प्रवेश सावकाश झाला. जॉन डग्लस यांचें हिंदुस्थानांतील मधमाशापालनावरील इंग्रजी पुस्तक १८८४ सालीं कलकत्त्यास निघालें, परंतु त्याचा परिणाम मर्यादित राहिला. अडचण पेटीच्या मापाची होती. लँगस्ट्रॉथची पेटी मोठ्या युरोपीय माशीसाठीं. आपली सातेरी लहान, तिचा संसारही लहान. त्रिचनापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजांतील जेसुइट पाद्री न्यूटन यांनीं १९११ पासून पुढें कांहीं वर्षें खटपट करून सातेरीस मानवेल अशी लहान पेटी बसविली व लोकांस शिकविलें. पुढें १९२८ सालीं शेतकी कमिशनानें या धंद्याची शिफारस केली, व १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाल्यावर मधमाशापालनास खादीच्या शेजारीं जागा मिळाली.

आमच्या प्रांतांत या विद्येचें पीठ म्हणजे महाबळेश्वर. कै. पारसनीसांनीं १९१६ सालीं महाबळेश्वरावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. परंतु तेथील आधुनिक मधोद्योगाचा इतिहास त्यानंतरचा आहे. मध संचालनालयाची स्थापना तेथें १९४६ सालीं झाली, व आज तें महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या अधीन चालतें. मधोत्पादकांची सहकारी संस्थाही तेथेंच उभी राहिली. जांभूळ, हिरडा, गेळा यांचा फुलोरा दरसालचा. कारवीचा मात्र कांहीं वर्षांच्या अंतरानें एकदमच येतो, व तें वर्ष मधपाळांच्या तोंडीं दुष्काळाच्या किंवा पुराच्या वर्षाप्रमाणें कालगणनेचें साधन होऊन बसतें. १९९१ च्या सुमारास दक्षिण भारतांत सातेरीवर थैली-रोगाची सांथ आली, असंख्य पेट्या ओस पडल्या. अशा वेळीं यंत्रें माळ्यावर जातात. महाबळेश्वराजवळील मांघर हें गांव २०२२ सालीं 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें, तेव्हांपासून तरुण मंडळींचा ओढा या धंद्याकडे पुन्हा वाढत आहे, आणि त्याबरोबरच माळ्यावरचीं यंत्रें खालीं येऊं लागलीं आहेत. येथें काळजीचें कारण आहे.

सांगलीविषयीं एक खुलासा केला पाहिजे. १९४९ पूर्वीं सांगली जिल्हा नव्हताच. त्या वर्षीं दक्षिण सातारा म्हणून तो वेगळा झाला व १९६० सालीं त्यास आजचें नांव मिळालें. शिराळा, चांदोलीकडील डोंगर हा जावळी-पाटणच्याच रानाचा पुढचा भाग, व माशीही तीच सातेरी. परंतु पूर्वेकडे आटपाडी, जत या बाजूस प्रकार निराळा. तेथें डाळिंब, सूर्यफूल यांच्या फुलोऱ्यांत पेट्या नेऊन ठेवण्याची चाल अलीकडची, आणि त्या पेट्या बहुधा युरोपीय माशीच्या, लँगस्ट्रॉथच्या मापाच्या. तेव्हां एकाच जिल्ह्यांत दोन मापांच्या चौकटी नांदतात, व शिराळ्याच्या मधपाळानें आटपाडीचें यंत्र मागून आणल्यास तें त्यास निरुपयोगी ठरतें. सातेरीची लहान चौकट मोठ्या पिंजऱ्यांत कलंडते, कोंवळें पोळें तुटून मधांत पडतें, व अळ्या असल्या तर त्याही.

हें माप इतिहाससंशोधकासही कामाचें आहे. जावळीच्या यंत्रावर करणाराचें नांव किंवा सन कोठेंच नाहीं. परंतु पिंजऱ्यांत लँगस्ट्रॉथची चौकट कोणत्याही बाजूनें बसेना. न्यूटनच्या मापाची चौकट मात्र सहज बसली. यावरून तें यंत्र १९११ च्या मागें नेतां येत नाहीं हें निश्चित, आणि महाबळेश्वराकडील उद्योगाची हकीकत जमेस धरतां तें पुष्कळच अलीकडचें असावें. मोडी पत्राचा काळ कागद, वळण व मायना यांवरून जसा ठरवितात, तसा मधयंत्राचा काळ पिंजरा, पत्रा व सांधे यांवरून ठरवितां येईल.

आतां पत्रा व सांधे यांकडे येऊं, कारण आमची चूक तेथेंच झाली. पिंप जस्त चढविलेल्या लोखंडी पत्र्याचें आहे. तळाशीं जस्त उडून गंज धरला आहे, आणि उभा व बुडाचा असे दोन्ही सांधे डाखानें जोडलेले आहेत. जुना डाख म्हणजे कथील व शिसें यांचें मिश्रण. मध दिवसभर त्या सांध्यावर बसला कीं शिसें त्यांत उतरण्यास वाव मिळतो; शिसें शरीरांत सांचतें व लहान मुलांच्या मेंदूस विशेष अपाय करितें. कल्हईनें हें झांकेल असें आम्हांस वाटलें होतें. परंतु कथील वितळण्यास २३२ अंश उष्णता लागते व नेहमींचा डाख १८३ अंशांवरच सुटूं लागतो. अर्थात् कल्हई लागण्यापूर्वींच पिंप सांध्यांत उसवणार. शिवाय कल्हईच्या कथिलांतही शिशाची भेसळ असण्याचा संभव असतो. हें एका वृद्ध कल्हईवाल्यानें आम्हांस पांच मिनिटांत समजाविलें. तो म्हणाला, "पातेल्याला कल्हई, पत्र्याला नाही." त्याच्या दुकानीं आधीं गेलों असतों तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता.

किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढिला तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल असें शेतकरी म्हणत. किर्लोस्करवाडी १९१० सालीं वसली ती आजच्या सांगली जिल्ह्यांतच, म्हणून ही गोष्ट येथें सर्वांस ठाऊक आहे व आपण तिला हंसतों. नांगराविषयीं शेतकरी चुकला. परंतु धातूविषयीं शंका घेण्याची त्याची वृत्ति मधयंत्राच्या बाबतींत कामीं आली असती.

नव्या मधपाळानें यंत्र घ्यावयाचें तें कसें, हें त्या मुलास आम्हीं पुढें सविस्तर पत्रानें कळविलें. त्यांतील मुख्य भाग येथें देतों, कारण वाचकांपैकीं अनेकांच्या गांवीं हाच प्रश्न येणार आहे. पिंप, पिंजरा व तोटी हीं तिन्ही अन्नास योग्य अशा न गंजणाऱ्या पोलादाचीं असावींत. ज्यास ३०४ क्रमांकाचें म्हणतात, ज्यांत क्रोमियम सुमारें १८ टक्के व निकेल ८ टक्के असतें, तें पोलाद. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितो व तो चिकटला नाहीं म्हणजे माल चोख असें म्हणतो. ही परीक्षा अपुरी आहे. हलक्या जातीच्या पोलादासही चुंबक चिकटत नाहीं. क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा. पुष्कळदां पिंप चांगलें असून आंतील पिंजरा साध्या तारेचा, वर चकाकी दिलेला निघतो. म्हणून आंत हात घालून पाहावें. सांधे वेल्डिंगचे व आंतून घांसलेले असावे, डाखाचे मुळींच नसावे.

दोन किंवा चार चौकटींचें, हातानें फिरविण्याचें यंत्र आरंभीं पुरे. चौकटी चाकाच्या आऱ्यांप्रमाणें उभ्या राहतात अशीं मोठीं यंत्रेंही मिळतात व त्यांत पोळें उलटावें लागत नाहीं, पण तीं पुष्कळ पेट्यांच्या मालकास शोभतात. लहान यंत्रांत पोळ्याची एक बाजू हलक्या हातानें अर्धी रिकामी करावी, मग चौकट उलटावी, दुसरी बाजू पुरी काढावी, व पुन्हा पहिलीकडे यावें. नवखा मनुष्य हटकून प्रथमच जोर करतो. भरल्या बाजूच्या वजनानें पोळें जाळींतून फुटतें. समोरासमोर सारख्या वजनाच्या चौकटी ठेवाव्या, नाहींतर पिंप नाचूं लागतें. पाय फळीस खिळवून घ्यावे.

दात्यांच्या चाकांविषयीं आम्हांस विशेष सांगावयाचें आहे. उसाच्या चरकांत बोटें गेलेलीं माणसें या दोन जिल्ह्यांतील जुन्या पिढीनें पाहिलेलीं आहेत. मधयंत्राचीं चाकें लहान असलीं तरी पदराचें टोंक, बाही किंवा मुलाचें बोट ओढून घेण्यास पुरेशीं आहेत. चाकांवर आच्छादन असावें, आणि फिरत्या पिंजऱ्यावर झांकण. चाकें पिंपाच्या तोंडावर उघडीं असतील तर त्यांचें वंगण मधांत ठिबकतें, हा दुसरा दोष. तेथें खाद्य तेलाखेरीज कांहीं घालूं नये. जावळीच्या यंत्रास आच्छादनही नाहीं व झांकणही नाहीं.

यंत्र चांगलें असून मध बिघडतो तो घाईमुळें. चौकटीचा निदान तीन चतुर्थांश भाग माशांनीं मेणानें बंद केल्याशिवाय तिला हात लावूं नये. मधांत पाण्याचा अंश २० टक्क्यांहून अधिक नसावा असा अन्नसुरक्षेचा नियम आहे, व डोंगरांतील दमट हवेंत सातेरीचा मध ही मर्यादा सहज ओलांडतो. काम बंद खोलींत करावें. उघड्यावर केल्यास वासानें सर्व शिवारांतील माशा लुटीस येतात. टोपणें कापण्याची सुरी गरम पाण्यांत बुडवून पुसून घ्यावी. यंत्र धुतांना मात्र प्रथम थंड पाणी, नंतर गरम. प्रथमच गरम घातल्यास मेण वितळून जाळीस बसतें. रॉकेलच्या डब्यांतून मध बाजारास नेल्याच्या आठवणी वृद्ध लोक सांगतात. त्या आठवणी लिहून घ्याव्या, डबे घेऊं नयेत.

आमचें पत्र गेल्यावर त्या मुलानें दोनच पेट्यांसाठीं एवढा खर्च परवडत नाहीं असें कळविलें, व तें खरें होतें. सातेरीच्या एका पेटीचा मध तो किती असणार! शेवटीं वाडींतील चार घरांनीं मिळून एक यंत्र घेतलें. पहिल्या काढणीचा मध त्यांनीं आमच्याकडे कांचेच्या बरणींतून पाठविला; तो जांभळाचा होता.

जुनें पिंप अद्याप त्याच माळ्यावर रुमालांशेजारीं आहे. भंगारवाला त्याची चौकशी करून गेला होता, परंतु आजोबांनीं दिलें नाहीं. गंज खरवडूं नये, रंग लावूं नये, तोटी बदलूं नये, आणि त्यांत खाण्याचा कोणताही जिन्नस ठेवूं नये, अशी एक चिठ्ठी आम्हीं त्यास बांधिली आहे. पिंजऱ्याची लांबी, रुंदी व उंची, पिंपाचा घेर, दात्यांची संख्या व सांध्यांचा प्रकार यांची नोंद घेतली आहे व छायाचित्रेंही काढिलीं आहेत. एका यंत्रावरून अनुमान करणें हें एका पत्रावरून इतिहास लिहिण्यासारखें आहे. जावळी, पाटण, वाई, शिराळा या तालुक्यांत ज्या वाचकांस असें यंत्र, धुराचें भातें, न्यूटनच्या मापाची जुनी पेटी, किंवा मधपाळांच्या सोसायटीच्या जमाखर्चाच्या वह्या आढळतील, त्यांनीं वरील मापें व वस्तु सांपडल्याचें ठिकाण आम्हांस कळवावें. वह्यांस अग्रक्रम द्यावा. पत्रा गंजण्यापूर्वीं कागद वाळवीस जातो.